खासदार दहाव्याला आले तो बुधवार

आमच्या गावात माणूस गेलं की राख सावडून परतताना नदीच्या चढावरच दोन गोष्टी विचारल्या जातात. दहावा कोणत्या वारी येतो आणि कोण कोण येणार. दुसरा प्रश्न पाहुण्यांविषयी नसतो, पाहुणे तर येतातच. आमदार, माजी आमदार, कारखान्याचे संचालक, खासदार, यांच्यातलं कोण येणार हे लोकांना हवं असतं. लहानपणापासून मी हे ऐकत आले, म्हणून त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. तसं वाटायला नगरला कॉलेजात जावं लागलं. आणि अजूनही ते मला पुरतं कळलंय असं मी म्हणणार नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील गावातल्या दूध संकलन केंद्रावर कामाला आहेत. पहाटे आणि संध्याकाळी कॅन, फॅट, मापं, आणि मधल्या वेळात घरच्या गाई. मी नगरला वसतिगृहात राहते आणि राज्यशास्त्र शिकते. हा विषय घेतला तेव्हा आईनं विचारलं होतं, "ह्याच्यात काय शिकवत्यात? निवडून यायचं का?"

दुसऱ्या वर्षाला आम्हाला प्रकल्प करायचा होता. मला आलेला विषय होता, संसद सदस्यांच्या वर्तनावर परिणाम करणारे राजकीय घटक. पुस्तकात ते घटक ओळीनं दिलेले होते. पक्षशिस्त, मतदारसंघ, हितसंबंधी गट, विचारसरणी. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून सरांकडे नेले. सरांनी कागद परत दिला. "हे पुस्तकात आहेच की. तू बघून ये," म्हणाले. त्यांच्या ओळखीनं मला आमच्या खासदारांच्या नगरमधल्या संपर्क कार्यालयात दुपारी बसायची परवानगी मिळाली. खासदारांना सगळे साहेब म्हणत, मीही तेच म्हणते.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत एक टेबल, आणि टेबलावर निमंत्रणपत्रिकांची चळत. साहेबांचे स्वीय सहायक सकाळपासून ती चळत लावत असत. त्यांना सगळे पीए म्हणत, तेही फोन उचलून "पीए बोलतोय" असंच म्हणत. पहिल्या दिवशी मला वाटलं, पत्रिका तारखेप्रमाणे लावायच्या. मी तशा लावल्या तर त्यांनी हसून सगळ्या पुन्हा मोडल्या.

"ताई, आधी दुःख, मग सुख," ते म्हणाले. "लग्नाला नाही गेलं तर माणूस रुसतो. दहाव्याला नाही गेलं तर लक्षात ठेवतो. रुसलेला परत येतो. लक्षात ठेवणारा येत नाही."

हे पुस्तकात नव्हतं. मी लिहून घेतलं, पण कोणत्या घटकाखाली घालावं ते समजेना.

त्याच आठवड्यात दिल्लीत एका विधेयकावर मतदान होतं. पक्षाचा व्हिप निघाला होता. पीएंनी मला मोबाईलवर तो संदेश दाखवला, खाली तीन रेघा मारलेल्या. तीन रेघा म्हणजे काहीही झालं तरी हजर राहायचं आणि पक्ष सांगेल तिकडं मत द्यायचं. त्या दिवशी साहेबांच्या जवळच्या कार्यकर्त्याच्या मुलीचं लग्न होतं. साहेब गेले नाहीत. मी विचारलं, "ते बोलले का विधेयकावर?"

"बोलायचं कुणी, किती वेळ, हे पक्ष ठरवतो. साहेबांचा नंबर नव्हता."

"मग त्यांचं स्वतःचं असं तिथं काय असतं?"

पीएंनी जरा विचार केला. "प्रश्न," ते म्हणाले. "प्रश्न तेवढा स्वतःचा असतो."

हे ऐकल्यावर मला आमचा बोगदा आठवला. खरं तर तो मी कधी विसरलेच नव्हते.

आमचं गाव राहुरीच्या अलीकडे मुळा नदीच्या काठाला आहे. गाव आणि हायवे यांच्यामधून रेल्वेची लाईन जाते. पूर्वी तिथं फाटक होतं. लाईन दुहेरी करायचं निघालं तेव्हा फाटक बंद झालं आणि रुळांखालून भुयारी मार्ग आला. कागदावर भुयारी मार्ग, आमच्यासाठी बोगदा. तो केला खोलात, आणि शेजारून पाट जातो. पावसाळ्यात तो भरतो यात नवल नाही, पण रब्बीला पाटाचं आवर्तन, म्हणजे धरणातून पाळीनं येणारं पाणी, सुटलं की चांगलं कोरडं ऊन पडलेलं असताना बोगद्यात कमरेइतकं पाणी साठतं. मग मोटरसायकलवाले पुढच्या गावावरून लांबचा फेरा मारतात, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते रूळ ओलांडतात.

माझी बहीण ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यातली. ती राहुरीला अकरावी सायन्सला होती. सायकल उचलून एक लाईन, मग दुसरी, असं करून पलीकडे जाऊन बस पकडायची. सोबत गावातल्या आणखी काही मुली असत. मागच्या आवर्तनाला एकीची सायकल रुळात अडकली आणि लांबून गाडीचा आवाज आला. सायकल निघाली, कुणाला काही झालं नाही. पण ते केंद्रावर बसलेल्या वडिलांच्या कानावर गेलं. त्या संध्याकाळी ते जेवताना म्हणाले, "आता बोगदा पुन्यांदा भरला की कॉलेज बंद. घरी बसून अभ्यास कर. बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरू."

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षा.

"सतरा नंबरनी सायन्स न्हाई होत, अप्पा," बहीण म्हणाली. "प्रॅक्टिकल असत्यात."

"मग आर्ट्स कर. ताई करतीच की."

बहिणीला कृषी विद्यापीठात बीएस्सी करायचं आहे. रुळांच्या पलीकडे गेलं की काही वेळात विद्यापीठाची हिरवी शेतं लागतात. इतकी वर्षं आम्ही ती बसच्या खिडकीतून बघितली, आत कधी गेलो नाही. वडिलांचं चुकत होतं असंही मला म्हणवत नाही. ते भ्यायले होते. सकाळची वेळ दुधाची असल्यामुळे तिला फेऱ्यानं पोचवायला त्यांना जमणारं नव्हतं, आणि ते बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही.

मी धीर करून पीएंना बोगद्याचं सांगितलं. ते म्हणाले की मंत्र्यांना पत्र देऊ, पत्रं रोज जातात आणि पोच येते. मग म्हणाले, "नाहीतर प्रश्न टाकू. तू लिही."

सरांना विचारत विचारत मी तो लिहिला. भुयारी मार्गात पाणी साचतं हे खरं आहे काय, असल्यास रेल्वेनं कोणती उपाययोजना केली आहे, आणि ती कधी पूर्ण होईल. सरांनी मला तारांकित प्रश्न म्हणजे काय ते समजावलं. साध्या प्रश्नाला लेखी उत्तर येतं आणि संपतं. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि विचारणारा खासदार त्यावर उपप्रश्न विचारू शकतो. पण त्यासाठी प्रश्न सोडतीत निघावा लागतो, आणि वरच्या क्रमांकावर निघावा लागतो.

तो निघाला, आणि चौथ्या क्रमांकावर निघाला. रेल्वेचा वार बुधवार. पीए म्हणाले की अशी सोडत त्यांनी फार कमी वेळा पाहिली. साहेबांनीही दिल्लीहून फोन करून बोगद्याची माहिती विचारून घेतली. मी घरी फोन केला तर बहिणीनं पलीकडे आईला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं, "आपला बोगदा लोकसभेत गेला!"

"पान्यासकट का?" वडील म्हणाले. पण ते हसत होते. म्हणाले, बघू मग, बुधवारपर्यंत कॉलेज चालू ठेवू.

त्यानंतर दोन दिवसांनी आबा गेले. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, आमच्या भावकीतलं सगळ्यात मोठं माणूस. ते गावचे सरपंच होते आणि प्रत्येक निवडणुकीत साहेबांच्या बाजूनं गाव त्यांनीच फिरवलं होतं. झोपेत गेले, त्रास झाला नाही. त्यांचा दहावा कोणत्या वारी येतो, हे मी रडता रडता बोटांवर मोजलं. बुधवार आला. मोजताना मला लाज वाटली, पण मोजलं.

पुढच्या आठवड्यात मी कार्यालयात असताना आबांचा मुलगा आला. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. दाढी वाढलेली, खांद्यावर टॉवेल. सुतकात लोक फारसं बाहेर पडत नाहीत, तरी ते स्वतः आले होते.

"साहेब बुधवारी घाटावर पायजेत," तात्या बसायच्या आधीच म्हणाले.

पीएंनी पाणी दिलं. "तात्या, अधिवेशन चालू आहे. साहेब दिल्लीत आहेत. आणि बुधवारी तुमच्याच बोगद्याचा प्रश्न आहे सभागृहात. ही बसलीय तुमची पुतणी, विचारा."

तात्यांचं तेव्हा माझ्याकडे लक्ष गेलं. "तू हितं काय करती गं?"

"प्रकल्प आहे, तात्या. कॉलेजचा."

"बरं. मग तूच सांग ह्यांना, आबांनी किती निवडनुका अंगावर घेतल्या ते." मग पीएंकडे वळून म्हणाले, "बोगद्याचं परत इचारता येतं. बापाचा दहावा परत येतो का?"

तात्या खालच्या आवाजात पुढं म्हणाले, "माजी आमदार घरी येऊन गेले. तिकडचे असून आले. ते बुधवारी माइकवर बोलनार. आबांनी ज्यांच्याशी जन्मभर भांडन घेतलं त्यांनी आबांवर बोलायचं, आन् ज्यांच्यासाठी घेतलं त्यांची खुर्ची रिकामी. काय म्हनतील लोक?"

मी म्हणाले, "तात्या, साहेब शनिवारी घरी भेटायला आले तर?"

"घरी आलेलं कोन बघतं, पोरी?"

ते रागानं बोलले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. आबांना घाटावर सगळ्या गावादेखत मान मिळावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि मला ते चूक म्हणता येईना.

पीए आतल्या खोलीत जाऊन दिल्लीला बोलले. बाहेर येऊन म्हणाले, "येतायत."

तात्या गेल्यावर मी पीएंना विचारलं की व्हिप असता तर काय झालं असतं. "व्हिप असता तर मी दारातच हात जोडले असते," ते म्हणाले. "आणि तात्यांनाही वाईट वाटलं नसतं. पक्षानं अडवलं असं सांगता येतं, लोक समजून घेतात. प्रश्नासाठी थांबलो असं सांगून भागत नाही. प्रश्न कुणाला दिसतो, ताई?"

मी घरी गेले. वडिलांना म्हणाले, तुम्ही तात्यांशी बोला. वडील गाईला पेंड घालत होते. बराच वेळ त्यांनी बादली खाली ठेवलीच नाही.

"काय बोलू? भावकी म्हनंल, आबांच्या दहाव्याला ह्यानं खोडा घातला."

"पण बोगद्याचं काम आपलंच आहे ना?"

"बोगदा गावाचा हाय. दहावा भावकीचा हाय."

"आन् माझं कॉलेज कुनाचं?" बहिणीनं दारातून विचारलं.

आई म्हणाली, भाकरी गार व्हायली.

बुधवारी सकाळी घाटावर थंडी होती. पाटाला पाणी सुटलं होतं, बोगदा भरला होता, त्यामुळे पाहुण्यांच्या गाड्या फेऱ्यानं येत होत्या आणि सगळंच लांबत होतं. महाराज उशिरा आले, प्रवचन उशिरा सुरू झालं. नदीच्या वाळूत पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर दोन कावळे बसले होते, पण खाली येत नव्हते. तात्यांनी हात जोडून एकेक वचन दिलं. शेत वाटून घेणार नाही, धाकट्याला सांभाळीन, आईला अंतर देणार नाही. कावळे बसूनच.

माझ्यामागं दोन म्हाताऱ्या कुजबुजत होत्या.

"जीव कशात अडकलाय गं आबांचा?"

"खासदारात. दुसरं काय?"

"मग तर लई येळ लागंल."

त्या हसू दाबत होत्या तोवर वरच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या. साहेब पायऱ्या उतरून आले, चपला काढल्या, हात जोडून पिंडासमोर उभे राहिले. आणि खरंच, थोड्या वेळात एक कावळा उतरला. घाटावर एक सुस्कारा उमटला. कुणीतरी म्हणालं, "थांबले हुते आबा." माझ्याही अंगावर काटा आला. मी राज्यशास्त्र शिकते, तरी आला.

बहीण माझ्या शेजारी बसली होती. ओढणीच्या घडीत मोबाईल, त्यावर लोकसभेचं थेट प्रक्षेपण. कानातल्या वायरचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. आईनं डोळे वटारले. इकडे माजी आमदार माइकवर आबांविषयी चांगलं बोलत होते. वैर कसं दिलदारपणे करावं हे आबांकडून शिकावं, असं काहीतरी. तिकडे तिसरा प्रश्न चालला होता. मग माजी आमदार खाली बसले आणि सूत्रसंचालकानं साहेबांचं नाव घेतलं. साहेब उठले.

त्याच सुमारास कानात अध्यक्षांनीही साहेबांचं पूर्ण नाव घेतलं. थोडं थांबले. "माननीय सदस्य नहीं हैं. अगला प्रश्न."

एवढंच. पडद्यावर रिकामी जागाही दाखवली नाही. पाचवा प्रश्न सुरू झाला, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या स्टेशनाचा. तो विचारायला त्याचे खासदार उभे होते. बहिणीनं माझ्या कानातली वायर काढून घेतली आणि मोबाईल बंद केला.

साहेब माइकवर बोलत होते. त्यांचा आवाज जड झाला होता. "आबांनी मला शेवटचं एकच काम सांगितलं. साहेब, आमच्या बोगद्याचं बघा. आबा, तुमच्या समोर सांगतो, तो प्रश्न मी दिल्लीत मांडला आहे." हे खोटं नव्हतं. त्यांनी तो मांडला होताच. समोर बसलेली माणसं माना हलवत होती. माझे वडीलही हलवत होते.

श्रद्धांजली संपली. साहेब गाडीकडे निघाले तेव्हा भोवती भावकी होती, सगळे मुंडण केलेले, आणि पीए. मी मागं राहिले. माझी बहीण मात्र सरळ पुढं गेली.

"साहेब, मघाशी तुमचं नाव पुकारलं."

"कुठं, बाळा?"

"लोकसभेत. आमच्या बोगद्याला. तुमी न्हवता म्हनून पुढचा प्रश्न घेतला."

साहेबांनी पीएंकडे पाहिलं. पीए चपलांकडे बघत होते. तात्या पुढं झाले. "ए, गप! कुठं काय बोलावं कळत न्हाई का?"

"बोलू द्या," साहेब म्हणाले. ते तिला म्हणाले, "बाळा, मी आज आलो नसतो तर हे तुझे चुलते मला परत दारात उभं करतील का?"

"ते मला न्हाई म्हाईत. पन आमी तुमाला बोलवलं न्हवतं."

"आमी म्हणजे?"

"रूळ वलांडून जानाऱ्या पोरी."

मागून कुणीतरी म्हणालं, "मत हाय का गं तुला?" आणि दोघंचौघं हसले. दहावा असल्यामुळे पटकन गप्पही झाले.

"बारावी झाली की व्हईल," बहीण म्हणाली. "झाली तर."

साहेब हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लेखी उत्तर येईल म्हणाले, आणि गाडीत बसले. गाड्या बोगद्याकडे वळल्याच नाहीत, फेऱ्यानंच गेल्या. दुसऱ्या दिवशी बहीण कॉलेजला गेली नाही. वडिलांनी काही बोलायची गरज पडली नाही. बोगदा भरलेला होता, आणि ठरल्याप्रमाणे बुधवार होऊन गेला होता. तिनं गणवेश धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत ठेवला. तिनं इस्त्री का केली, ते मी विचारलं नाही.

लेखी उत्तर आलं. मी ते कार्यालयातून छापून घेतलं आणि शनिवारी गावी नेलं. तात्यांच्या ओट्यावर वडील, तात्या आणि दोनचार जण बसले होते. उत्तर इंग्रजीत होतं, मी अडखळत मराठीत सांगितलं. सदर भुयारी मार्गात पाण्याचा उपसा करण्यासाठी पंप बसवण्यात आला असून तो कार्यरत आहे.

"काय बसवलाय?" वडिलांनी विचारलं.

"पंप."

ओट्यावर हसणं फुटलं. "आरं, मग पानी कोन भरतंय? तोच का?" "उलटा बसवला आसंल." "चोरांनी नेला म्हनावं, पन आधी बसवला पायजे का न्हाई?"

तात्या हसले नाहीत. त्यांच्या डोक्यावर नुकते बारीक केस येत होते, ते त्यावरून हात फिरवत होते. "मग ह्याच्यावर साहेब काय म्हनाले?"

"काही नाही, तात्या. ते तिथं नव्हते."

"असते तर?"

"असते तर उभं राहून म्हणता आलं असतं, पंप कुठाय दाखवा. तेवढ्यासाठीच तो प्रश्न तसा असतो. आता मंत्र्यांचं उत्तर हेच, नोंदलं गेलं."

"परत इचारता येत न्हाई?"

"येतं. पण सोडतीत निघायला पाहिजे."

चहा आला, विषय उसाच्या तोडीवर गेला. मला वाटलं, मी उगाच सांगितलं. बापाच्या दहाव्याचा कुणी असा हिशोब मांडू नये.

सोमवारी सकाळी आमच्या दारात बुलेट थांबली. मी नगरच्या बससाठी निघायच्या तयारीत होते. तात्या गाडीवरून उतरले नाहीत, इंजिनही बंद केलं नाही.

"कुठाय ती खासदारीन?" त्यांनी आईला विचारलं. "म्हनावं, दप्तर घे आन् बस. मला राहुरीत काम हाय."

"रोज काम असतंय का, भाऊजी?" आई म्हणाली.

"पाट चालू हाय तवर रोज हाय."

बहीण केस विंचरत होती. तिनं ट्रंक उघडून गणवेश काढला. वडील केंद्रावरून आले तेव्हा बुलेट फेऱ्याच्या रस्त्याला लागली होती. ते थोडा वेळ दारात उभे राहिले, मग गाईकडे गेले. सतरा नंबरच्या फॉर्मचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तात्यांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. घरात माणूस गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. तारीख उन्हाळ्याच्या तोंडावर धरली, बुधवारी, आणि तेव्हा दिल्लीत अधिवेशन चालू होतं. बोगद्याचा प्रश्न पीएंनी पुन्हा टाकला होता. या वेळी तो सोडतीत निघाला नाही. तो साध्या प्रश्नांत गेला आणि त्याला लेखी उत्तर येणार होतं. म्हणजे मागच्या वेळी गेलेली संधी गेलीच. मी ते तात्यांना सांगितलं होतं.

लग्नाच्या आधी एका दुपारी मी कार्यालयात गेले तर पीए माझी वाटच पाहत होते.

"तुझ्या तात्यांचा फोन होता. म्हणाले, साहेबांना सांगा, बुधवारी लग्नाला येऊ नका. मी म्हणालो, अहो, त्या दिवशी साहेबांचं सभागृहात काही नाही, येऊ शकतात. तर म्हणाले, काही असो नसो, बसू द्या तिथं." पीएंनी चष्मा काढून पुसला. "येऊ नका असं सांगणारा फोन मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतला. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, रागावलेत का? मी म्हणालो, तसं वाटलं नाही."

दहाव्यापासून या फोनपर्यंतचं सगळं मी प्रकल्पात घातलं. सरांनी विचारलं, हा दहावा कोणत्या घटकात बसतो, मतदारसंघ की हितसंबंधी गट? मी म्हणाले, मला नक्की सांगता येत नाही, सर. ते म्हणाले, मग तसंच लिही.

लग्नात माजी आमदार आले. माइकवर त्यांनी वधूवरांना आशीर्वाद दिले, आणि उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं तात्यांना म्हणाले, "काय तात्या, तुमचे साहेब कुठं दिसत नाहीत ते?"

मांडवात माणसं हसली. फेटा बांधलेले तात्या थोडे अवघडले. या क्षणाची त्यांना किती भीती वाटत होती, हे मला कार्यालयातल्या त्या दिवसापासून माहीत होतं.

"कामावर गेल्यात," तात्या म्हणाले.

जेवणाच्या पंगती चालू असताना बहिणीनं मला कोपऱ्यात ओढलं. तिनं मोबाईलवर लोकसभा लावली होती. कुणीतरी बोलत होतं, आणि बोलणाऱ्याच्या मागं दोन रांगा सोडून साहेब बसलेले दिसत होते. काही करत नव्हते, नुसते बसले होते. वाढप्यांना सूचना देत तात्या तिथून चालले होते. बहिणीनं त्यांच्यासमोर मोबाईल धरला.

तात्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "जागे हायेत का झोपल्यात?"

"जागे हायेत."

"मग ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले, आणि मठ्ठ्याची बादली कुठं अडली ते बघायला गेले.